एक मूठ, रात्रभर भिजवून

प्रोटीन या शब्दाचा मला आता वीट आलाय. वीसेक वर्षं मी परभणीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणजे माझं पोट प्रोटीनवरच चालतं, तरीही सांगते. पूर्वी कुणी विषय विचारला आणि मी सांगितला की माणसं "अरे वा" म्हणून पावसापाण्याकडे वळायची. ते दिवस सुखाचे होते. आता ज्याला त्याला प्रोटीन कळतं. मागे नळ दुरुस्त करायला आलेला माणूस नळ आवळता आवळता मला अंड्यातलं पांढरं खावं की पिवळं हे समजावून गेला. वर्गात पहिल्या दिवशी "प्रोटीन म्हणजे काय?" विचारलं तर मागच्या बाकावरचे दोघंतिघं बाह्या वर सारून दंड दाखवतात. मी त्यांना म्हणते, बाळांनो, तुमचे केसही प्रोटीन, नखंही प्रोटीन, आणि हे न कळणारा मेंदूतही भरपूर प्रोटीनच. मग ते वहीत लिहितात: मेंदू = प्रोटीन.

विषय तसा साधा आहे. अमिनो आम्लं वीस. ती एकापुढे एक जोडत गेलं की साखळी होते, आणि साखळी स्वतःभोवती घड्या घालून एका ठरावीक आकारात बसली की प्रोटीन. सगळा खेळ त्या आकाराचा. वीसपैकी अकरा आम्लं शरीर घरीच बनवतं, उरलेली नऊ खाण्यातूनच यावी लागतात. एन्झाइम हेही प्रोटीनच. ते शरीरातली कामं झपाट्याने करतं आणि स्वतः तसंच उरतं. पुस्तकात यासाठी कुलूप आणि किल्ली असते. मी पाना सांगते. ज्या मापाचा नट, त्या मापाचाच पाना. एक पाना दिवसभरात शंभर नट फिरवतो आणि संध्याकाळी जसाच्या तसा खोक्यात जातो. तापवला तर त्याचा आकार जातो आणि मग तो कुठल्याच कामाचा नाही. एवढं सांगूनही पेपरात उत्तर येतं, "एन्झाइम गरम केल्यावर मरते." मरत नाही रे, ते जिवंत कधी होतं? दर वर्षी लाल शाईने हेच लिहिते. दर वर्षी ते पुन्हा मरतं.

पान्याचा दाखला माझा नाही, अप्पांचा आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. घराला लागूनच पत्र्याचं गॅरेज. आता ते भाऊ चालवतो, पण अप्पा बाजेवर बसून त्याच्या प्रत्येक कामात खोट काढतात. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाने मापानं लावायची. मी प्रोफेसर झाले याचा त्यांना एवढा अभिमान, की गावात कुणाला साधी सर्दी झाली तरी ते म्हणतात, "थांब, बाईला फोन लावतो." मी त्या जातीची डॉक्टर नाही हे मी त्यांना समजावून थकले.

तर गेल्या वर्षी दसऱ्यानंतर भाऊ रोटाव्हेटर जॅकवर उचलून त्याची पाती बदलत होता. अप्पांना ते पाहवेना. सत्तरी उलटलेला माणूस, उठून "सरक तिकडं" म्हणत स्वतः खाली वाकला. जॅक सरकला आणि पातं त्यांच्या नडगीवर आलं. हाड वाचलं, पण गुडघ्याखाली वीतभर चामडी गेली. तालुक्याला टाके, मलमपट्टी, इंजेक्शनं, सगळं झालं. दीड महिना झाला तरी जखम भरेना. उलट दोन्ही पाय सुजू लागले, बोट दाबलं की खळगा पडायचा. मग मी त्यांना परभणीला आणून एका सर्जनला दाखवलं.

सर्जन शांत माणूस. त्यांनी जखम पाहिली, रक्त तपासलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, मांडीची चामडी काढून इथं लावावी लागेल. पण आज लावली तर धरणार नाही. अल्ब्युमिन फार कमी आहे. तीनच्या वर आणा, मग करू. फार वेळही नाही आपल्याकडे. जखम अशीच उघडी राहून इन्फेक्शन हाडात गेलं, तर मग पायाचा प्रश्न येईल."

पायाचा प्रश्न म्हणजे काय ते मी विचारलं नाही. अल्ब्युमिन मी दर वर्षी शिकवते. यकृतात बनणारं, रक्तात फिरणारं प्रोटीन. रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवणं हे त्याचं एक काम. ते कमी पडलं की पाणी बाहेर झिरपतं, सूज येते. शिवाय ते कमी असलं की बहुधा बाकीचंही कमीच असतं, आणि जखम भरायला जे सामान लागतं ते शरीराकडे नसतं. दीड महिन्यात अप्पांची भूक गेली होती, ते फक्त अर्धी भाकर आणि पाण्यासारखं वरण खात होते. हे मला कधी कळलं? तो कागद पाहिल्यावर. मी स्वतःला प्रोफेसर म्हणवते.

आता अप्पांना खाऊ घालायचं. सांगायला सोपं आहे. अंडी बंद, कारण गळ्यात माळ. दूध प्यायलं की पोट गुडगुडतं. पनीर तोंडात घातलं आणि म्हणाले, "हे रबर हाय." भावानं परभणीच्या दुकानातून पावडरीचा मोठा डबा आणला. त्यावर उघड्या अंगाचा एक माणूस छाती फुगवून उभा. अप्पांनी डबा हातात घेऊन चष्म्यातून बराच वेळ पाहिला. "हा कोण?"

"कोणी न्हाई अप्पा, पैलवान हाय."

"मग त्यालाच पाजा." संपलं. डबा परत केला नाही, कारण फोडला होता. आमच्या मायनं पावडर वासरापुढं ठेवली, वासरानंही तोंड फिरवलं, आणि मायनं डबा धुऊन त्यात खारे शेंगदाणे भरून ठेवले.

राहिलं सोयाबीन. आणि इथं माझा आमच्या अख्ख्या जिल्ह्यावरच राग आहे. आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. कापूस आणि सोयाबीन, सोयाबीन आणि कापूस. दिवाळीच्या सुमारास घराघरात पोत्यांची थप्पी लागते, माणसं त्याच पोत्यांना पाठ टेकून चहा पितात, आणि त्यातला दाणासुद्धा कुणाच्या ताटात येत नाही. सगळं अडतीवर जातं. घरी खायला तूर ठेवतील, मूग ठेवतील, पण सोयाबीन म्हणजे विकायची गोष्ट. कसं खायचं हेच कुणाला माहीत नाही. डाळींमध्ये ज्याच्याइतकं भरपूर प्रोटीन दुसऱ्या कशात नाही, नऊच्या नऊ आम्लं ज्यात बऱ्यापैकी आहेत, ते आमच्या ओसरीत सहा पोती पडलेलं, आणि त्याच ओसरीत बाजेवर माझा बाप प्रोटीन कमी पडलं म्हणून पाय सुजवून बसलेला. मला ओरडावंसं वाटलं.

ओरडले नाही. लिहिलं. पट्टी बदलायला अप्पा आणि माय परभणीला आले, त्या रात्री माझ्याकडेच राहिले. मी टेबलाशी बसून एक पूर्ण कागद भरला. तीन रकाने पाडले: वेळ, पदार्थ, कारण. ज्वारीत लायसिन कमी, तुरीत ते भरपूर, म्हणून भाकरीबरोबर वरण घट्टच हवं. खाली नऊ अमिनो आम्लांची नावं मराठीत, क्रमांक घालून. माझी माय चौथी शिकलेली. फिनाइलअॅलॅनिन वाचून ती काय करणार होती, तिचं तिला आणि माझं मला ठाऊक. पण कागद झाला झकास. माझ्या वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

त्यानंतर रोजचा फोन. "दिलं का?" "दिलं." "अप्पांनी घेतलं का?" "घेतलं. नाक दाबून घेतलं, पण घेतलं." अप्पा सोयाबीन घेतात याचंच मला नवल वाटलं. भाऊ म्हणाला, "तू सांगितलंस मनून घ्यायलेत. आमी सांगितलं असतं तर पेला फेकला असता." मी मनातून सुखावले, हे खोटं कशाला सांगू.

आठेक दिवसांनी माय फोनवर म्हणाली, "बाई, ह्यांचं पोट लय फुगायलंय. पातळ बी व्हायलंय दोनदा-तीनदा."

मी म्हणाले, "होतं सुरुवातीला. प्रोटीनची सवय नाही ना. चालू ठेव."

आणखी एक फोन झाला, तो मला शब्दनशब्द आठवतो, आणि आठवू नये असं फार वाटतं. चाचणीचे पेपर पुढ्यात होते. एन्झाइम सव्वीस वेळा मरून झालं होतं. मी आधीच वैतागलेली. माय म्हणाली, "म्या काय म्हणते, ते सोयाबीन…"

मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "माय, मी लिहून दिलंय ना सगळं? लिहिलंय तसंच कर. मधे स्वतःची अक्कल लावू नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. अल्ब्युमिन वाढलं नव्हतं. वाढायचं सोडा, थोडं उतरलंच होतं. अप्पांचे गाल आत गेले होते. सर्जननी कागद पाहून फक्त "हं" केलं आणि जखमेचा एक कोपरा चिमट्यानं उचलून जरा जास्तच वेळ पाहिला. ते "हं" ऐकून माझं डोकं फिरलं. नक्की कुणीतरी खोटं बोलतंय. भावाला वेळ नसणार, अप्पा मायचा डोळा चुकवून पेला मोरीत ओतत असणार, नाहीतर माय त्यांच्या हट्टापुढे नमून नुसती भाकर वाढत असणार. मी मनातल्या मनात तिघांची चौकशी लावून टाकली.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं न सांगता गावी गेले. जिंतूरला उतरून जीप धरली. घरात शिरले तेव्हा मिक्सर चालू होता. मायनं झाकण काढलं, भांड्यातलं पिवळट पांढरं दाट पेल्यात ओतलं, वर गुळाचा खडा टाकून ढवळलं. घरभर हिरवट, उग्र वास. मी पेला हातात घेऊन नाकाशी नेला.

"हे कच्चंय?"

"भिजवलेलं हाय की. रातभर," भाऊ दारातून म्हणाला. त्याच्या हाताला ग्रीस होतं. "तालमीतले पैलवान भिजवलेलं हरबरं खात न्हाईत का? तसंच."

मी पेला ओट्यावर इतक्या जोरात आपटला की गूळ बाहेर उडाला. मग जे बोलले ते आठवून आजही कानशिलं तापतात. कच्चं सोयाबीन कुणी देतं का माणसाला? एवढी पन्नास वर्षं चुलीपुढे काढली, कच्चं-शिजलेलं कळत नाही? आजारी माणूस, पायाची ही अवस्था, आणि तुम्ही त्याला तीन आठवडे विष पाजताय? हे सगळं मायकडे तोंड करून. भाऊ, अप्पा, शेजारून ताक मागायला आलेली बाई, सगळ्यांच्या देखत. मायनं पदरानं ओट्यावरचा गूळ पुसला.

अप्पा बाजेवरून म्हणाले, "पण बिघडलं काय ते तरी सांग."

सांगितलं. माझा धंदाच तो. म्हटलं, अप्पा, खाल्लेलं प्रोटीन पोटात उलगडून सुटं करावं लागतं. ते सुटं करणारं एक एन्झाइम आहे, ट्रिप्सिन. तो पाना समजा. सोयाबीन फार धूर्त. आपला दाणा कुणी खाऊ नये म्हणून त्यात एक वेगळंच प्रोटीन ठेवलेलं असतं, जे नेमकं त्या पान्याच्या तोंडात जाऊन अडकून बसतं. पाना अडकला, की सोयाबीनचंच काय, वरणाचंही प्रोटीन नीट सुटं होत नाही. आत गेलेलं तसंच बाहेर. म्हणून पोट फुगायचं. ते अडकवणारं प्रोटीन उष्णतेनं मोडतं. शिजवलं की त्याचा आकार जातो आणि पाना मोकळा राहतो.

अप्पांनी मान हलवली. "म्हंजे पाणी उतरवायचं त्याचं. पातं तापलं की कसं, पाणी उतरतं, कडकपणा जातो, मग ते वाकतं."

"हां. तसंच."

"मग एवढी साधी गोष्ट," अप्पा मायकडे पाहून म्हणाले, "आन हिनं मला तीन हप्ते कच्चं पाजलं. मारलंच असतं की."

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. कुकर काढला, सोयाबीन धुतलं, शिट्टी सापडेना म्हणून भिंतीतलं कपाट उघडलं. कपाटाच्या दाराला आतून माझा कागद चिकटवलेला होता, भाताची शितं लावून, चारही कोपरे नीट दाबून. तीन रकाने. माझं अक्षर, फळ्यावर असतं तसं सुबक.

सकाळी ७. सोयाबीन, एक मूठ, रात्रभर भिजवून, बारीक वाटून, गूळ घालून. कारण: नऊही आवश्यक अमिनो आम्लं.

पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. खालची नऊ नावंही वाचली, जणू त्यांच्यात कुठेतरी तो शब्द लपला असेल. शिजवून, उकडून, भाजून, काहीच नव्हतं. सोयाबीन शिजवतात हे मला इतकं ठाऊक होतं की लिहायचं सुचलंच नाही. आणि मायचा तो फोन आला तेव्हा जिचे पेपर तपासत होते त्याच चाचणीत, कच्च्या सोयाबीनवर पाच गुणांचा प्रश्न मीच काढला होता. एका मुलीनं सगळं बरोबर लिहून "उष्णता दिल्यास" एवढं सोडलं, म्हणून मी तिचा दीड गुण कापला होता. ती मागायला आली तेव्हा म्हणाले होते, सगळ्यात महत्त्वाचं तेच तर विसरलीस.

मागे पायांचा आवाज झाला. माय आली होती. माझं बोट कागदावर होतं, ते तिनं पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तिनं वरच्या फळीवरून शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "किती शिट्ट्या?"

"माय, त्या दिवशी फोनवर तू हेच विचारणार होतीस का?"

"आगं, बाजूच्यांचा बैल सोयाबीनच्या राशीवर तुटून पडला होता मागं, ढोलासारखा फुगला. मला वाटलं, उकडल्याबगर माणसाला कसं द्यावं. पण मनलं, तू शिकलेली. काही इचार करूनच लिहिलं आसशील." आणि पुन्हा, "किती शिट्ट्या?"

"आठ," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. ओसरीत जाऊन, जितक्या मोठ्यानं मघाशी ओरडले तितक्याच मोठ्यानं खरं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की अप्पांच्या नजरेत ती "आमची बाई" मी राहणार नाही. पन्नाशीला टेकलेली बाई बापाच्या शाबासकीसाठी गप्प बसते, याला काय म्हणावं? संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

पुढचे दिवस माय शिजवत होती. एक दिवस उकडून उसळ, एक दिवस भाजून दळलेलं पीठ ज्वारीच्या पिठात, एक दिवस दुकानातल्या सोयाबीनच्या वड्या. वरण घट्ट. अप्पांचं पोट चार दिवसांत बसलं आणि भूक उघडली. पण घरात नवीन विनोद सुरू झाला होता. ताट पुढ्यात आलं की भाऊ म्हणायचा, "माय, कच्चं न्हाई ना?" अप्पा गॅरेजवर आलेल्या गिऱ्हाइकाला पाय दाखवत सांगायचे, "आमच्या हिनं संपवलाच होता मला, बाईनं वाचवलं." मी फोनवर हे ऐकायची आणि विषय बदलायची. दर वेळी ठरवायची, उद्या सांगू. रागही यायचा, तो मायचाच. ही का बोलत नाही? कागद तिच्याकडे आहे, दाराला चिकटवलेला आहे, काढून फेकावा की त्यांच्या तोंडावर. म्हणजे माझी चूक मायनं सांगावी अशी माझी अपेक्षा. माझ्या हुशारीला तोड नाही.

महिन्यानं पुन्हा रक्त दिलं. कागद आला. तीनच्या वर. फार नाही, जरासंच, पण वर. सूज उतरली होती. सर्जन पहिल्यांदा हसले. "काय दिलंत यांना?"

अप्पा खुर्चीत ताठ झाले. "साहेब, माझी लेक प्रोफेसर हाय ह्याच इषयाची. तिच्यामुळं पाय राहिला. न्हाई तर ह्या बाईनं," आणि त्यांनी अंगठा दाराशी उभ्या असलेल्या मायकडे केला, "कच्चं सोयाबीन पाजून वाट लावली व्हती."

सर्जननी मायकडे पाहिलं. रुग्णाच्या अडाणी नातेवाइकाकडे डॉक्टर बघतात तसं, जरा कीव, जरा वैताग. मी ती नजर ओळखते, कारण ती माझीच आहे. वर्गात मी रोज वापरते. मायनं मान खाली घातली आणि हातातल्या पिशवीचे बंद सारखे केले.

"मी सांगितलं होतं कच्चं द्यायला," मी म्हणाले. "शिजवून लिहायचं मी विसरले. मायनं फोनवर विचारलं, तर तिला गप्प केलं. चूक माझी आहे, तिची नाही. कागद घरी आहे. माझ्या अक्षरातला."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पान्यांच्या खोक्यात चुकीच्या जागी पाना लावला की लहानपणी ते असेच बघायचे. सर्जननी चष्मा पुसला आणि सोमवारची तारीख दिली.

बाहेर आल्यावर मला हलकं वाटत होतं. वाटलं, आता माय काहीतरी गोड बोलेल, पाठीवरून हात फिरवेल. मायनं मला दंडाला धरून औषधांच्या दुकानाच्या आडोशाला नेलं. तिला इतकं चिडलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

"कोणी सांगितलं व्हतं तोंड उघडायला? आज? सोमवारी ऑपरेशन हाय, पुढं महिनाभर खायचं हाय त्यायला. तुजं नाव सांगून सांगून म्या एकेक घास घातला. बाईनं सांगितलंय, बाईनं सांगितलंय. त्या दिवशी म्या बोलले असते ना, की बाईचंच चुकलं, तर त्यायनं उकडलेलं बी खाल्लं नसतं. माझं कोणी ऐकतंय व्हय घरात? ऐकत्यात ते तुजं. मनून गप बसले. पायासाठी." तिनं माझा दंड सोडला. "मला काय, ते रोजच काहीतरी म्हणत्यात."

मी तिच्या हातातली पिशवी मागितली, तिनं दिली नाही.

ऑपरेशन झालं. मांडीची चामडी नडगीवर बसली, पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा ती गुलाबी दिसत होती. सर्जन म्हणाले, धरली. दुपारी माय डबा घेऊन आली, तेव्हा मी अप्पांच्या उशाशी होते. वाटीत सोयाबीनची उसळ होती, वर कोथिंबीर. मी वाटी त्यांच्यापुढे धरली. सवयीनं माझी टकळी सुरू झाली: अप्पा, आता तर जास्त गरज आहे, नवी चामडी बनायला कोलॅजेन लागतं, ते प्रोटीनच, त्यासाठी…

अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. वाटी घेतली नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे, डब्याची झाकणं लावत असलेल्या मायकडे पाहिलं.

"काय गं, खाऊ का हे?"

माय वळली नाही. झाकण लावता लावताच म्हणाली, "खा. उकडलंय."